चौदाशे पन्नास

द्वारकेला गेले, गॅरेजांच्या मागच्या गल्लीत,
तर भंगारवाला म्हणाला, बाई, हवंय काय नक्की?
ट्रकचा कमानपाटा, मी म्हटलं. तुटका चालेल.
त्याने ऐंशी रुपयांत दोन किलो तोलून दिला
आणि वर पावशेर कुतूहल.

ब्रेकचा ड्रम अडीचशेला.
त्याच्या पोटात माती आणि राख कालवून लिंपली,
खालून पाइप, पाइपला मैथिलीचा हेअर ड्रायर.
ती महिनाभर ओल्या केसांनी कॉलेजला गेली
आणि चकार शब्द बोलली नाही.
(बोलली. एकदा.)

ऐरण मात्र कंपनीतून आली.
अंबडच्या शेडमध्ये एकवीस वर्षं मी
दुसऱ्यांच्या पोलादाचा कठीणपणा मोजते:
हिऱ्याचं टोक, काटा, आकडा, सही.
हा शाफ्ट मीच नापास केला होता, लाल पट्टा मारून.
भंगाराच्या भावाने, गेटपास करून, रिक्षात घालून आणला.
बाभळीच्या ओंडक्यावर उभा केला तेव्हा
जरा ओशाळल्यासारखं झालं. कोणाला, ते सांगत नाही.

कामाला संध्याकाळच बरी.
उन्हात लोखंडाचा रंग खोटं बोलतो.
अंधार पडला की कळतं,
पळसाच्या फुलासारखा केशरी आहे तोवर मारायचं,
काळपट लाल झाला की हात आवरायचा,
नाहीतर आत चीर जाते,
दिसत नाही,
महिन्याने भोपळा कापताना दिसते.

सिडकोत भिंतीला भिंत.
खैरनार गच्चीवरून वाकून विचारतात, काय चाललंय?
सुरी.
मिळते की बाजारात, साठ रुपयांना.
मिळते.

पहिलं पातं मी पाण्यात बुडवलं.
टिंग.
एवढाच आवाज.
एकवीस वर्षांच्या माझ्या कागदांत
या आवाजाला रकाना नव्हता.

पाथर्डी फाट्याला, रस्त्याकडेच्या पालापुढे
झुंबरबाई साळुंखे घण घालते.
नवरा सांडशीत विळा धरून बसतो, तिच्याकडे न बघता फिरवतो,
आणि घण बरोबर तिथेच पडतो.
रुमालातले दोन तुकडे मी तिच्यापुढे ठेवले.
तिने तुटल्या जागेवरून अंगठा फिरवला,
साखरेचे दाणे चाचपावे तसा.

पाणी लई पाजलंस, म्हणाली.
हे मोटारीचं हाय. याला तेल दे.
आन् मग शेकत ठेव मंद, घाई करू नको.
गव्हाच्या काडीचा रंग आला की उठव.

मग म्हणाली, पोटासाठी करतीस?
नाही, आवड म्हणून.
ती हसली नाही. घणही खाली ठेवला नाही.
ह्या इळ्याचं एकशेवीस, म्हणाली,
गिऱ्हाईक शंभरच म्हणतं.

वहीतली बेरीज आठवली.
शाफ्ट, हातोडा, कानस, कोळसा, सगळं धरून
चौदाशे पन्नास.
खाली मीच लिहिलं होतं, हिरव्या पेनाने:
स्वस्तात भागलं.

दुसऱ्या पात्याला लोहचुंबक लावत बसले.
चिकटतंय, चिकटतंय, परत भट्टीत,
आणि एका तावाला चुंबक नुसताच घसरला,
ओळख विसरल्यासारखा.
तेवढ्यात बुडवलं, भज्यांच्या जुन्या तेलात.
भडका उडाला, भुवई जळाली,
अंगणभर आषाढातल्या तळणाचा वास.
टिंग झालं नाही.
मी तरी कितीतरी वेळ कान लावून उभी.
मग केकच्या ओव्हनमध्ये दोन तास.
गव्हाची काडी.

पातं जरा वाकडं आहे. पाठ जाड.
मूठ बाभळीचीच, ओंडक्याच्या ढलपीची.
रविवारी घेऊन गेले फाट्यावर.
झुंबरबाईने काटकी तासली, नख तासलं,
उन्हात धरून एक डोळा मिटला,
नवऱ्याला दाखवलं. त्याने मान हलवली,
हो की नाही ते मला कळलं नाही.

मग तिने ती सुरी पदराला पुसली
आणि मला परत दिली नाही.
किती घेशील?

पै-पै लिहून ठेवलेली मी,
मला आकडा सुचेना.
शंभर, तीच म्हणाली.

एकशेवीस, मी म्हटलं.

तेव्हा हसली.